शिळ्या पावाचा निवद

मार्च उजाडला की आमच्या मुलुंडच्या सोसायटीत शांतता पसरते. एरवी खाली क्रिकेट खेळून काचा फोडणारी पोरं एकदम शहाणी होतात, लिफ्टमध्येही वहीतून डोकं वर काढत नाहीत. त्यांच्या आया ऑफिसातून रजा काढून घरी बसतात आणि पोरांपेक्षा जास्त घाबरतात. माझा ह्या सगळ्याशी आता काही संबंध नाही. लेक कधीच शिकून-सवरून नोकरीला लागली, आणि पन्नाशी उलटलेल्या बाईला कोणी भूमितीचं प्रमेय विचारत नाही. तरीही दहावीच्या पेपरांचे दिवस आले की मला भूक लागते. पोळी-भाजीची नाही. आलं, लसूण, हिरवी मिरची आणि सोया सॉस एकत्र तापल्यावर जो नाकात घुसणारा वास येतो ना, त्या वासाची भूक.

मग मी ब्रेडचं पाकीट शोधते. ताजं नको असतं मला. दोन दिवसांपूर्वीचं, कडा वाळलेलं, कोणी हात लावायला तयार नसलेलं हवं असतं. आमच्या घरात एक कायदा आहे: मार्चमध्ये उरलेला ब्रेड फेकायचा नाही. नवरा सुरुवातीला हसायचा, आता तोच उरलेले तुकडे ताटात पसरून खिडकीत ठेवतो.

आम्ही तेव्हा घाटकोपरला राहायचो, भटवाडीच्या वर, डोंगराच्या अंगाला लागून असलेल्या चाळीत. माझे वडील, म्हणजे अप्पा, परळच्या गिरणीत कामाला होते. ऐंशी साल उलटल्यावर जो मोठा संप झाला त्यात गिरणी बंद पडली ती पडलीच. पुढे बरीच वणवण केल्यावर साकीनाक्याच्या एका ब्रेडच्या कारखान्यात त्यांना रात्रपाळी मिळाली. साच्यावर सूत धरणारा माणूस भट्टीसमोर उभा राहिला, पण त्याबद्दल ते कधी कुरकुरले नाहीत. सकाळी घरी येताना त्यांच्या पिशवीत कामगारांना मिळणारा माल असायचा. वेडेवाकडे कापले गेलेले स्लाइस, कडेचे जाड तुकडे, दुकानांतून परत आलेली पाकिटं.

आता आम्ही पडलो मालवणी. आमच्यात पाव म्हणजे आजाऱ्याचं अन्न. ताप आला की चहात बुडवून दोन घास खायचे आणि बरं वाटलं की पुन्हा भाताकडे वळायचं. त्या घरात रोज सकाळी पिशवीभर ब्रेड यायला लागला. आईने त्याचा उपमा केला, शिरा केला, भजी केली, चुरा करून वड्याही थापल्या. शेवटी मीच एकदा म्हटलं, "आई, आपल्याकडे कोण आजारी आहे?" तेव्हा अप्पा मोठ्याने हसले होते, पण दुसऱ्या दिवशी पिशवी घरात आणताना ती त्यांनी पाठीमागे धरली होती हे मला अजून आठवतं.

त्या मार्चमध्ये आमच्या घरात परीक्षा होती ती माझी नव्हे. मी सहावीत होते, माझ्या परीक्षेला कोण विचारतंय! परीक्षा आईची होती. ती चाळीच्या खालच्या बालवाडीत मदतनीस होती. पोरांची नाकं पुसायची, सतरंज्या झटकायच्या आणि बाई नसल्या की गाणीही तीच शिकवायची. तिथल्या मोठ्या बाईंनी सांगितलं होतं की जूनमध्ये शिक्षिकेची जागा होणार आहे, दहावी झालेली असशील तर ती तुझी. आईची शाळा गावी आठवीतच सुटलेली. रात्रशाळेत जाऊन तिने सगळे विषय सोडवले, पण ऑक्टोबरात गणितात गचकली. मार्चला पुन्हा बसायचं होतं, एकट्या गणिताला.

आणि ह्या गणितावर आमचं सगळं बिऱ्हाड टांगलेलं होतं. अप्पांच्या एकट्याच्या पगारात मुंबईत राहणं जमेना. गावाहून काका सारखे बोलावत होते, या इकडे, आहे ती शेती करू. अप्पांनी ठरवलं होतं की जूनमध्ये निकाल बघायचा. आई पास झाली तर राहायचं, नाहीतर त्याच आठवड्यात खोली सोडून कायमचं गावी जायचं. मला गाव आवडायचं, पण मेच्या सुट्टीपुरतं. जन्मभरासाठी नको होतं. आईला काय वाटत असेल ते ती बोलायची नाही. नुसती भाकरी थापता थापता पुटपुटायची, "अ वर्ग अधिक दोन अ ब अधिक ब वर्ग." आमच्या डोक्यावरून सांताक्रूझला उतरणारी विमानं जायची, इतकी खाली की भांडी थरथरायची. विमान आलं की आई सूत्र मध्येच थांबवायची आणि ते गेलं की बरोबर त्याच अक्षरापासून पुढे सुरू करायची.

आमच्या शेजारी गायकवाडमावशी राहायच्या, नाशिककडच्या. दोन मुलं झाल्यावर त्या स्वतः रात्रशाळेतून दहावी झालेल्या आणि मग दवाखान्यात नोकरीला लागलेल्या. त्यांच्या घरात शिकणं पूजेच्या जागी होतं. आईला हाताला धरून रात्रशाळेत नेऊन बसवलं ते त्यांनीच. एका संध्याकाळी आई वर्गात चक्कर येऊन पडली. तिला घरी घेऊन आल्या त्या ह्याच मावशी, आणि आल्या आल्या त्यांनी अप्पांना फैलावर घेतलं.

"भावजी, बाई सकाळपासून उपाशीपोटी गणितं करतेय. बालवाडी करते, घर करते, तुमचा डबा करते आणि तशीच पळत येते. तुम्ही चार वाजता उठून काय करता हो?"

"चाय पितंय," अप्पा खरं ते बोलून गेले.

"मग चहाबरोबर तिला काहीतरी करून घाला. हात काय कारखान्यात ठेवून येता?"

आमच्याकडे पुरुषांनी चुलीपाशी जायचं ते फक्त मटण असेल तर, आणि तेव्हाही सूचना करायला. पण दुसऱ्या दिवशी चार वाजता उठल्यावर ते मला म्हणाले, "चल गो, स्टेशनार जावन येव." मला वाटलं, भाजी आणायची असेल.

स्टेशनजवळ नुकतीच एक चायनीजची गाडी लागायला लागली होती. गाडीवर लाल रंगाचा ड्रॅगन काढलेला, पण रंगाऱ्याने ड्रॅगन कधी बघितला नसावा, कारण तो आमच्या डोंगरावरच्या घोरपडीसारखा दिसायचा. गाडीवाला बाळू साताऱ्याकडचा. कुठल्याशा हॉटेलात हाताखाली शिकून आलेला आणि डोळ्यांवर येणारे केस मानेच्या झटक्याने मागे टाकणारा. कॉलेजची पोरं त्याच्याभोवती गर्दी करून मंचुरियन खायची. अप्पा बाजूला उभे राहून त्याच्या हाताकडे बघत राहिले. दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या वेळी बाळूलाच राहवलं नाही.

"काका, रोज येता, खात काहीच नाही. पोलिसात आहात का?"

"नाय रे बाबा. माझी बायको परीक्षेक बसली हा. तिका कायतरी चमचमीत करून घालूचा हा. ह्या काळा काय ता, ओततंस ता?"

बाळूने एकदा अप्पांकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि कढई हलवणं न थांबवता म्हणाला, "मग तिकडून काय दिसणार? अलीकडं या. ह्याला सोया सॉस म्हणत्यात. जाळ मोठा ठेवायचा आणि हात थांबवायचा न्हाई, एवढीच विद्या हाय बघा. वहिनी कितवीला?"

"धावीक," अप्पा म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात असा काही रुबाब होता की जणू आई बॅरिस्टर होत होती.

पहिल्या दिवशी त्यांनी सकाळचा ताजा ब्रेड घेतला. तुकडे तळून रश्यात टाकले आणि बघता बघता त्याची लापशी झाली. आईने ती चमच्याने खाल्ली आणि छान झाली म्हणाली. अप्पांना ते लागलं. मग त्यांनी डोकं चालवलं. परवाचे तुकडे सुपात पसरून गॅलरीच्या कठड्यावर उन्हात ठेवले, तांदळाच्या पिठात बुडवले, तव्यावर खरपूस केले. ते तुकडे रश्यात टिकले. वरून नरम आणि आतून कुरकुरीत. "ताजो पाव रश्यात रडता," ते मला शहाणपण सांगावं तसं सांगू लागले, "शिळो ऱ्हवता." बाळूच्या कॉर्नफ्लोअरच्या जागी तांदळाचं पीठ आलं तसं व्हिनेगरच्या जागी आगळ आलं. आगळ म्हणजे कोकमाचा मीठ घातलेला घट्ट रस, तो गावाहून बाटली भरून आलेला असायचाच. व्हिनेगरच्या वासावर अप्पांचा विश्वास नव्हता. चिमूटभर घरचा मालवणी मसाला पडायचा. आगळ खारट, सोया सॉस खारट, म्हणून मीठ घालताना ते दर वेळी रसाचा थेंब तळहातावर घेऊन चाखायचे, डोळे मिटायचे आणि मग एखादी चिमूट टाकायचे, नाहीतर टाकायचेच नाहीत.

ते ह्या पदार्थाला "चायना" म्हणायचे. "आज चायना करतंय," असं चार वाजता जाहीर व्हायचं. स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज, मग लसणीचा वास, मग गॅलरीत एकेक डोकं. बालवाडीतून दमून आलेली आई पायरीवर बसायची. एका हातात ताटली आणि मांडीवर भूमिती. मी तिच्या ताटलीतला सगळ्यात कुरकुरीत तुकडा पळवायची आणि ती पुस्तकातून वर न बघताच माझ्या हातावर चापट मारायची. उन्हं डोंगराच्या पलीकडे उतरायची, वाळलेल्या गवताचा वास यायचा, वरून एखादं विमान जायचं. मला आयुष्यात पुढे पुष्कळ चांगलं मिळालं, पण त्या पायरीवर मला जितकं भरल्यासारखं वाटायचं तितकं पुन्हा फार क्वचित वाटलं. घर सुटणार की राहणार ह्याची टांगती तलवार डोक्यावर होती आणि तरी मी सुखात होते. लहान मुलांना हे जमतं. मोठ्यांना ते जमवून द्यावं लागतं, आणि ते दोघं मला ते जमवून देत होते, हे कळायला मला स्वतः आई व्हावं लागलं.

पेपराचा दिवस आला. सकाळी बीजगणित, दुपारी भूमिती, मध्ये जेवणाची सुट्टी. केंद्र मुलुंडला एका शाळेत. निघण्याआधी अप्पांनी देवासमोर नारळ ठेवला, टोपी घातली आणि गावच्या रिवाजाने गाऱ्हाणं घातलं. "बा देवा रवळनाथा, म्हाराजा! आज तुझ्या गावची सून पेपराक जाता हा. तिच्या डोक्यात जा काय गेला आसात ता पेपरात उतरव, आणि जा काय ऱ्हवला आसात ता विचारू नको रे म्हाराजा!" मी ओरडले, "व्हय म्हाराजा!" भिंतीपलीकडून गायकवाडमावशींचाही आवाज आला, "व्हय म्हाराजा!" त्यांच्याकडे देव-गाऱ्हाणं काही नव्हतं, पण शेजारधर्म होता. आई हसली नाही. पाया पडली, पट्टी आणि कंपास पिशवीत आहेत ना ते पुन्हा पुन्हा बघितलं आणि बसला गेली.

त्या दिवशी रात्रपाळी करून आलेले अप्पा झोपलेच नाहीत. मधल्या सुट्टीत आईला डबा न्यायचा होता आणि डब्यात चायनाच न्यायचा होता. रसा वाटेत मुरून लगदा होऊ नये म्हणून तळलेले तुकडे एका डब्यात आणि रसा दुसऱ्यात, हेही त्यांनी ठरवून ठेवलं होतं. मी शाळेला दांडी मारून मदतीला होते. सगळं झालं, रसा उकळला, आणि अप्पा सवयीने थेंब तळहातावर घेणार तेवढ्यात थांबले.

"ह्यो निवद," ते म्हणाले. "आज आधी देवाक दाखवतंय."

"अप्पा, शिळ्या पावाचा नैवेद्य?"

"तळलो काय ताजो झालो."

"आणि कांदा-लसूण?"

"आमचो देव कोंबो खाता, कांद्याक काय घाबरतलो?"

नैवेद्य उष्टावायचा नसतो, म्हणजे चाखायचा नसतो. अप्पांनी अंदाजाने मीठ टाकलं. हात थोडा थांबला. आज पेपर आहे, चव कमी पडायला नको असं त्यांना वाटलं असणार, कारण त्यांनी आणखी थोडं टाकलं. ताटली देवापुढे ठेवून पाणी फिरवलं, डबे बांधले आणि आम्ही आग्रा रोडने जाणाऱ्या बसमध्ये बसलो. डबे त्यांनी सारा वेळ मांडीवर दोन्ही हातांनी धरले होते.

शाळेच्या फाटकाबाहेर आई-बापांची ही झुंबड. कुणाकडे ग्लुकोजचं पाणी, कुणाकडे दहीभात, कुणाकडे सोललेली मोसंबी. फाटकावरच्या रखवालदाराने अप्पांना विचारलं, "तुमचा कोण, मुलगा की मुलगी?"

"बायको," अप्पा म्हणाले.

आजूबाजूचे आई-बाप वळून बघायला लागले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रखवालदाराला मात्र काय वाटलं कोण जाणे, त्याने स्वतःचं स्टूल उचलून झाडाखाली सावलीत ठेवलं आणि म्हणाला, "वहिनींना इथं बसवा."

घंटा झाली आणि पंधरा-सोळा वर्षांच्या पोरांच्या लोंढ्यातून साडी नेसलेली आई आली. चेहरा उतरलेला. स्टुलावर बसली आणि म्हणाली, "दोन गणितां सुटली माझी. येत होती, तरी सुटली. आता भूमिती माका जमाची नाय. चला, घराक जावया."

अप्पांनी डबे उघडले, तुकड्यांवर रसा ओतला आणि तो डबा पुढे धरला. आईने एक तुकडा तोंडात टाकला. चावायची थांबली. डोळे मोठे झाले. तिने अप्पांकडे बघितलं.

"चाखलात नाय तुमी?"

"निवद दाखवचो होतो गो. चाखतलंय कसो?"

अप्पांनी स्वतः एक तुकडा खाल्ला आणि त्यांचं तोंड असं झालं की काय सांगू. आगळाचं मीठ, सोया सॉसचं मीठ आणि वर भक्तीचं मीठ. समुद्र बरा.

आई म्हणाली, "मगे देवाक तहान लागली आसतली आता," आणि हसायला लागली. आधी पदराआड, मग उघड. अप्पा हसले, मी हसले, रखवालदार काही न कळताच हसला. कित्येक आठवड्यांत मी तिला हसताना बघितलं नव्हतं. डोळ्यांतलं पाणी पुसत ती शाळेच्या माठातलं दोन भांडी पाणी प्यायली, डब्याच्या कडेला रसा न लागता जे कोरडे तुकडे राहिले होते ते तिने निवडून निवडून खाल्ले आणि हात धुतले. मग बोटं नाकाशी नेऊन म्हणाली, "लसणीचो वास जाणा नाय. पेपराक पण येतलो." घंटा झाल्यावर ती उठली आणि कोणाकडे न बघता सरळ आत गेली. घरी जाऊया असं पुन्हा म्हणाली नाही.

निकाल जूनमध्ये लागला. तोवर आम्ही अर्धं सामान बांधून ठेवलं होतं, पितळेची भांडी तर गावी जाणाऱ्या एकाबरोबर रवानाही झाली होती. आई काठावर पास झाली. बीजगणितात जे गेलं होतं ते भूमितीने भरून काढलं होतं. अप्पांनी गाठोड्यांच्या गाठी सोडायला घेतल्या. त्या इतक्या घट्ट मारल्या होत्या की दातांनी सोडाव्या लागल्या. गायकवाडमावशी दारात उभ्या राहून रडत होत्या आणि वर आईलाच रागावत होत्या, "रडताय काय वहिनी, बालवाडी उघडा जाऊन!" संध्याकाळी अप्पा मला घेऊन स्टेशनवर गेले ते फक्त बाळूला सांगायला. त्याने एक अख्खी प्लेट माझ्या हातात ठेवली.

आई त्या बालवाडीतून शिक्षिका म्हणूनच निवृत्त झाली. तिने ज्यांना अ-आ-इ शिकवलं त्यांची पोरं आता दहावीला बसतात. मी मुंबईत वाढले, शिकले, ह्या मुलुंडात माझं घर झालं, ते सगळं त्या एका दुपारी स्टुलावरून उठून ती फाटकाच्या आत गेली म्हणून. माझं पोट भरलेलं आहे ते असं, कोणाकोणाच्या हातांनी. मावशींच्या रागाने, बाळूच्या "अलीकडं या"ने, एका रखवालदाराच्या स्टुलाने. ह्यातल्या निम्म्या माणसांचे आभार मानायचे राहूनच गेले.

अप्पा गेल्याला आता बरीच वर्षं झाली. आई माझ्याकडेच असते, ऐकू कमी येतं, पण नाक तिखट आहे. काल खिडकीतला ब्रेड कडकडीत वाळला होता. मी लसूण चिरायला घेतली आणि ती आतून काठी टेकत येऊन ओट्यापाशी खुर्चीत बसली. तांदळाचं पीठ, आगळ, सोया सॉस, सगळं अप्पांच्या रीतीने केलं. रसा उकळला. मी थेंब तळहातावर घेणार तोच ती म्हणाली, "चाखू नको. आधी अप्पाक दाखव."

अंदाजानेच मीठ टाकलं. हात थोडा थांबला, मग आणखी थोडं टाकलं. वाटी अप्पांच्या फोटोपुढे ठेवली, पाणी फिरवलं आणि मग आईच्या हातात दिली. तिने एक तुकडा तोंडात टाकला. चावायची थांबली. फोटोकडे बघितलं.

मी तिच्या कानाशी वाकून विचारलं, "खारट झालंय का गं?"

"व्हय," आई म्हणाली आणि दुसरा तुकडा उचलला. "बरोबर झाला हा."